निष्ठेच्या नावानं चांगभलं

जानेवारी २००४. देवळातली चोरीला गेलेली मूर्ती सापडल्यावर गावाला व्हावा तसा आनंद वॉशिंग्टनला झाला होता. जो गिब्ज परत आला होता.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, हातात धरून पळायचा लांबट चेंडू. त्यांच्या लीगचं नाव एनएफएल. गिब्ज १९८१ ते १९९२ असे बारा हंगाम वॉशिंग्टनच्या संघाचा मुख्य कोच होता. (संघाचं तेव्हाचं नाव आता त्यांनीच टाकून दिलं आहे, म्हणून मी नुसतं वॉशिंग्टन म्हणतो.) बारा हंगामांत तीन सुपर बोल, तेही तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकना घेऊन: जो थाइसमन, डग विल्यम्स, मार्क रिपियन. साखळी सामन्यांत १२४ विजय आणि ६० पराभव. मार्च १९९३ मध्ये तो निवृत्त झाला, मोटार शर्यतींच्या आपल्या संघाकडे वळला, १९९६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा मैदानात उतरला.

पुढच्या चार हंगामांत ३० विजय, ३४ पराभव. दोनदा प्लेऑफ गाठलं, सुपर बोल लांबच राहिला. जानेवारी २००८ मध्ये त्यानं दुसऱ्यांदा रजा घेतली.

आता या दोन आकड्यांच्या मधल्या काळात काय झालं होतं? १९९३ मध्ये एनएफएलमध्ये खरीखुरी फ्री एजन्सी आली, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला हव्या त्या संघाकडे जाण्याची मोकळीक. १९९४ मध्ये सॅलरी कॅप आली, म्हणजे एका संघानं खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. गिब्ज गेला आणि हे दोन्ही आलं. मग गोष्ट आपोआप तयार झाली. जुन्या काळातला सज्जन गुरू, त्याच्यासाठी जीव टाकणारे शिष्य. मग पैसा आला, एजंट आले, निष्ठा संपली, आणि परत आलेल्या म्हाताऱ्याला हे नवं बाजारू जग काही उमगलं नाही.

मला या गोष्टीशी भांडायचं आहे. वॉशिंग्टनशी माझं काही देणंघेणं नाही. पण हीच गोष्ट नावं बदलून आपल्याला रोज सांगितली जाते. आयपीएलच्या लिलावानंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि कुणी राजीनामा दिला की ऑफिसच्या पॅन्ट्रीत. "पूर्वी अशी नव्हती माणसं. आता सगळे पैशाच्या मागे." हे वाक्य नेहमी कोण म्हणतं, ते जरा आठवून बघा. ज्याला सोडून कुणीतरी गेलंय, तोच म्हणतो.

सालगड्यालाही पाडवा असतो

आधी तो निष्ठेचा सुवर्णकाळ कसा होता ते पाहू.

आपल्याकडे सालगडी गुढीपाडव्याला धन्याकडे राबायला लागतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत बांधलेला असतो. त्याच्या आयुष्यात गोड मानावं असं फारसं नसतं. पण एक गोष्ट असते: वर्ष संपलं, हिशेब चुकता झाला, की दुसऱ्या धन्याचं दार त्याला ठोठावता येतं.

१९६३ पासून एनएफएलच्या खेळाडूला तेवढंही नव्हतं. करार संपला तरी दुसऱ्या संघाकडे गेलात, तर त्या नव्या संघानं जुन्या संघाला भरपाई द्यायची. किती द्यायची ते लीगचा कमिशनर पीट रोझेल ठरवणार. उद्या काय मागितलं जाईल याचा भरवसा नाही, म्हटल्यावर कोण कुणाला घेणार? याला रोझेल नियम म्हणत. जॉन मॅकी नावाचा खेळाडू आणि त्याचे सहकारी कोर्टात गेले आणि १९७६ मध्ये अपील कोर्टानंही हा नियम बेकायदेशीर ठरवला. पण लगेच १९७७ च्या करारात भरपाईची नवी पद्धत आली आणि दार पुन्हा जवळजवळ बंद झालं. नंतर १९८९ पासून 'प्लॅन बी' आला. त्यात प्रत्येक संघानं आपले ३७ खेळाडू 'राखीव' ठेवायचे आणि उरलेल्यांनी हवं तिकडे जायचं. थोडक्यात, ज्यांना बाजारात भाव आहे ते बांधलेले आणि ज्यांना नाही ते मोकळे.

गंमत अशी, की दार मध्येच जरा किलकिलं झालं तेव्हा पहिल्यांदा आत हात घालणाऱ्यांत वॉशिंग्टनच होतं. गिब्जच्या पहिल्या सुपर बोलचा नायक जॉन रिगिन्स. त्या अंतिम सामन्यात १६६ यार्ड पळून त्यानं मायामीचा बचाव मोडून काढला. हा रिगिन्स वॉशिंग्टनला आला कसा? १९७६ मध्ये, जुना नियम कोर्टात पडला आणि नवा यायचा होता त्या फटीत, न्यू यॉर्क जेट्स सोडून. तोच रिगिन्स १९८० मध्ये कराराच्या वादावरून अख्खा हंगाम घरी बसला. गिब्ज कोच झाल्यावर स्वतः कॅन्ससला जाऊन त्याला परत घेऊन आला. पुढे १९८८ मध्ये शिकागोचा विल्बर मार्शल फ्री एजंट म्हणून वॉशिंग्टनला आला. त्याच्यासाठी पहिल्या फेरीतले दोन ड्राफ्ट हक्क मोजावे लागले. जवळपास कुणालाच परवडत नव्हतं ते वॉशिंग्टनच्या श्रीमंत मालकाला, जॅक केंट कूकला, परवडलं. १९९१ च्या विजेत्या संघात मार्शल होता.

म्हणजे ज्या संघाला आपण निष्ठेचा पुतळा म्हणून हार घालतो, त्याचे दोन आधारस्तंभ दुसऱ्यांचं घर सोडून आलेले होते. आपल्याकडे आला तो समजूतदार, आपल्याकडून गेला तो पैशाचा लोभी. हा हिशेब जगभर सारखाच आहे.

आता उलट बाजू बघा. संघ खेळाडूशी किती निष्ठावान होता? गिब्जचे तिन्ही सुपर बोल विजेते क्वार्टरबॅक घ्या. थाइसमनचा पाय १९८५ मध्ये भर सामन्यात, टीव्हीवर सगळ्या देशासमोर मोडला. पुढच्या वर्षी संघानं त्याला सोडून दिलं. विल्यम्सनं जानेवारी १९८८ मध्ये सुपर बोल जिंकला. तो जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, ३४० यार्ड, एकाच क्वार्टरमध्ये चार टचडाउन पास, सामनावीर. १९९० मध्ये संघानं त्याला सोडून दिलं. रिपियन १९९२ च्या जानेवारीत सामनावीर झाला आणि १९९४ मध्ये, गिब्ज गेल्यानंतर, त्यालाही सोडून दिलं.

मी याला क्रूरपणा म्हणत नाही. खेळाडू उतरणीला लागतो, दुखापती होतात, संघाला पुढे जावंच लागतं. पण मग त्याला धंदा म्हणा. संघ खेळाडूला कधीही काढू शकतो आणि खेळाडू मात्र करार संपला तरी जाऊ शकत नाही, अशा व्यवस्थेत जे दिसतं त्याला 'निष्ठा' म्हणणं म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाला घरकोंबडा म्हणून शाबासकी देणं आहे.

संपाच्या वर्षातला चषक

गिब्जच्या तीनपैकी दोन सुपर बोल संपाच्या हंगामांतले आहेत, हे त्या गोड गोष्टीत सहसा येत नाही.

१९८२ मध्ये खेळाडूंनी ५७ दिवस संप केला. मागणी होती, लीगच्या उत्पन्नातला ठरावीक टक्का आम्हाला द्या. मिळाला नाही. हंगाम नऊ सामन्यांचा झाला आणि वॉशिंग्टन जिंकलं. १९८७ मध्ये दुसरा संप झाला. या वेळची मोठी मागणी तीच, करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जाण्याची मोकळीक. मालकांनी काय केलं? बदली खेळाडू आणले आणि तीन आठवडे त्यांचे सामने खरे सामने म्हणून मोजले. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे आजोबा-पणजोबा राबले, त्यांना संपातली ही चाल समजावून सांगायची गरज नाही.

बाकी संघांतले काही खेळाडू हळूहळू संप मोडून आत गेले. वॉशिंग्टनचा एकही गेला नाही. अख्ख्या लीगमध्ये हा एकच संघ शेवटपर्यंत एकजुटीनं बाहेर उभा राहिला. गिब्जनं बदली खेळाडू घेऊन तिन्ही सामने जिंकले, खरे खेळाडू संप हरून परत आले, आणि त्या वर्षीचा सुपर बोल वॉशिंग्टनला मिळाला. बदली खेळाडूंना विजयाच्या अंगठ्या मिळायला २०१८ उजाडावं लागलं.

निष्ठा शोधायचीच असेल तर मला ती इथे दिसते. पगार बुडत असताना, आपल्याच जर्सीत दुसरीच माणसं खेळताना टीव्हीवर दिसत असताना, एकमेकांसाठी बाहेर उभ्या राहिलेल्या त्या खेळाडूंत. ती निष्ठा मालकाला वाहिलेली नव्हती, म्हणून तिच्या आरत्या कुणी गात नाही.

संप फसल्यावर खेळाडू कोर्टात गेले. तिथे विचित्र पेच पडला. १९८९ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, की तुमच्या वतीनं वाटाघाटी करणारी कामगार संघटना आहे तोवर मालकांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण आहे. मग संघटनेचा प्रमुख जीन अपशॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःच संघटनेचा कामगार संघटना म्हणून असलेला दर्जा सोडून दिला. घर वाचवायला घराचीच भिंत पाडली. आता खेळाडू एकेकटे दावा लावू शकत होते. फ्रीमन मॅकनील आणि इतर खेळाडूंच्या खटल्यात सप्टेंबर १९९२ मध्ये ज्युरीनं 'प्लॅन बी' कायद्याविरुद्ध ठरवला. पाठोपाठ रेजी व्हाइटच्या नावानं सर्व खेळाडूंचा सामुदायिक दावा आला आणि १९९३ च्या सुरुवातीला मालक तडजोडीला तयार झाले. त्याच वर्षी व्हाइट फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला, चार वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर घेऊन.

गिब्जनं मैदान सोडलं ते बरोबर याच वर्षी. त्यानं कारण कुटुंब आणि तब्येतीचं दिलं होतं, त्यावर शंका घ्यायचं मला कारण नाही. पण तो गेला तेव्हा नुसता 'काळ बदलला' असं झालं नव्हतं. दोन संप हरलेल्या, स्वतःची संघटना मोडलेल्या माणसांनी तो ओढून बदलला होता.

टोपी

मालकांनी मोकळीक फुकट दिली नाही. बदल्यात कॅप घेतली. मराठीत कॅपला टोपी म्हणतात आणि टोपी घालणे म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

तरी कॅपची न्याय्य बाजू आधी सांगतो. १९९४ ची पहिली मर्यादा होती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर, आणि ती लीगच्या ठरवून दिलेल्या उत्पन्नाच्या ६४ टक्क्यांवर बेतलेली होती. म्हणजे १९८२ मध्ये संप करून जो टक्का मागितला होता, तो वेगळ्या दारानं आत आला. लाखभर वस्तीचं ग्रीन बे मोठ्या शहरांच्या संघांसमोर टिकून राहतं, त्यात उत्पन्नाच्या वाटणीबरोबर कॅपचाही हात आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण टोपी कुणाच्या डोक्यावर आहे? फक्त खेळाडूंच्या. कोचच्या पगाराला कॅप नाही. २००४ मध्ये गिब्जशी पाच वर्षांचा करार झाला, आणि वर्षाला ५० लाख डॉलरहून अधिक, असे आकडे तेव्हा छापून आले होते. त्याचे सहायकही महागडे होते. त्याबद्दल कुणी म्हणालं नाही की कोच पैशासाठी परत आला. मालकाच्या कमाईलाही कॅप नाही. डॅनियल स्नायडरनं १९९९ मध्ये वॉशिंग्टनचा संघ स्टेडियमसकट ८० कोटी डॉलरना घेतला आणि २०२३ मध्ये ६०५ कोटींना विकला. म्हणजे साडेसात पटीहून जास्त. त्याच काळात खेळाडूंच्या पगाराची मर्यादा ५ कोटी ७३ लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर गेली, म्हणजे चार पटीहूनही कमी. या २४ वर्षांत त्या संघानं एकही सुपर बोल जिंकला नाही. हरत राहूनही साडेसात पट मिळवणाऱ्याला कुणी लोभी म्हणत नाही. गुडघे झिजवून दुसऱ्या शहरात जाणाऱ्याला मात्र म्हणतात.

परत आलेला कोच नेमका कुठे चुकला

आता गिब्जच्या दुसऱ्या डावाकडे. त्याला नव्या जगानं हरवलं, हे अर्धसत्य आहे. त्याला नव्या जगातला साधा हिशेब नडला, आणि तो हिशेब शिकता येण्यासारखा होता.

कॅपचं गणित समजायला फोनचा ईएमआय पुरेसा आहे. खेळाडूला करार करतानाच मोठी रक्कम एकदम देतात, साइनिंग बोनस. पैसे आज जातात, पण कॅपच्या वहीत ते कराराच्या वर्षांवर हप्त्याहप्त्यानं लिहिले जातात. त्यामुळे आज कॅपमध्ये जागा आहे असं वाटतं. पण मध्येच खेळाडूला काढलं किंवा दुसऱ्या संघाला दिलं, तर उरलेले हप्ते कॅपच्या वहीत अंगावर येतात. फोन विकून टाकलाय आणि ईएमआय चालूच आहे, तसं.

वॉशिंग्टननं हे पुन्हा पुन्हा केलं. लॅव्हरेनियस कोल्सला २००३ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरचा बोनस देऊन आणलं होतं. २००५ मध्ये त्याला जेट्सला परत दिलं आणि बदल्यात सँटाना मॉस घेतला. मॉस उत्तम निघाला, पण निघून गेलेल्या कोल्सचे सुमारे ९० लाख डॉलर त्या वर्षीच्या कॅपमध्ये नुसते पडून राहिले. एकूण कॅप होती साडेआठ कोटी. गिब्ज आल्या आल्या तेहेतिशीतल्या मार्क ब्रुनेलसाठी तिसऱ्या फेरीचा ड्राफ्ट हक्क दिला, वर सात वर्षांचा करार केला. त्याच हंगामात ब्रुनेलला बाकावर बसवावं लागलं. क्लिंटन पोर्टिससाठी चॅम्प बेली दिला आणि वर दुसऱ्या फेरीचा हक्कही. २००६ मध्ये अॅडम आर्चुलेटाला सहा वर्षांचा, ३ कोटी डॉलरचा करार दिला. हंगाम संपायच्या आत तो संघाबाहेर बसला आणि पुढच्या वर्षी सहाव्या फेरीच्या हक्कावर शिकागोला देऊन टाकला.

कॅपच्या जगात ड्राफ्टमधून आलेला कोवळा खेळाडू सोन्यासारखा, कारण तो स्वस्त असतो. वॉशिंग्टन नेमके तेच हक्क वाटत सुटलं होतं. उलट घरात वाढलेला अँटोनिओ पिअर्स, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं आणि ज्याला वॉशिंग्टननंच मोठा केला, तो २००५ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सकडे गेला. गिब्जनं जानेवारी २००८ मध्ये दुसऱ्यांदा राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात पिअर्स जायंट्सबरोबर सुपर बोल जिंकला. पिअर्सला गद्दार म्हणायचं, की आर्चुलेटावर उधळायला हात सैल असलेल्यांनी पिअर्सला का जाऊ दिलं असं विचारायचं? गिब्ज नुसता कोच नव्हता, संघाचा अध्यक्षही होता. निर्णयांवर त्याची सही होती.

आणि 'जुन्या माणसाला हे जमणारच नव्हतं' म्हणणाऱ्यांसाठी डिक व्हर्मील आहे. तो १९८२ च्या हंगामानंतर फिलाडेल्फिया सोडून गेला आणि चौदा हंगामांनी, १९९७ मध्ये, सेंट लुई रॅम्सचा कोच म्हणून परतला. गिब्जपेक्षा मोठा वनवास. पहिल्या दोन वर्षांत ५-११ आणि ४-१२ असा मार खाल्ला. तिसऱ्या वर्षी पैसे मोजून आणलेला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन हंगामाआधीच्या सराव सामन्यातच जायबंदी झाला, आणि व्हर्मीलनं कर्ट वॉर्नरवर विश्वास टाकला. हा वॉर्नर ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता आणि एकेकाळी किराणा दुकानात रात्री माल लावत होता. जानेवारी २००० मध्ये रॅम्स सुपर बोल जिंकले. तीच कॅप, तीच फ्री एजन्सी, तसाच परत आलेला साठीतला कोच.

मग गिब्ज वाईट कोच होता का? मुळीच नाही. त्या गोंधळलेल्या संघाला चार वर्षांत दोनदा प्लेऑफला नेणं सोपं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्याचं अपयश खेळाडूंच्या मोकळेपणाच्या माथी मारू नका. माणूस जाऊ शकतो हे गृहीत धरून त्याला राहावंसं वाटेल अशी जागा उभी करणं, हे कोचचं काम आहे. आधीच्या व्यवस्थेत ते न करताही चालत होतं, इतकंच.

आपण फक्त टोपी आणली

आता मुंबईत या. आयपीएल सुरू झाली तेव्हा तिनं परदेशी लीगांकडून बरंच उचललं. कॅप उचलली, तिला आपण 'पर्स' म्हणतो. फ्री एजन्सी मात्र उचलली नाही. करार संपला तरी संघ रिटेन करतो, नाहीतर खेळाडू लिलावात जातो. लिलावात त्याच्या हातात काय? आपली बेस प्राइस. चेन्नईला आई-वडिलांजवळ खेळायचंय, की कमी पैशांत चालेल पण अमुक कोचकडे शिकायचंय, हे सांगायचा रकानाच त्या अर्जात नाही. हातोडा पडेल तिकडे जायचं.

कुणी विचारून पाहिलं तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २०१० मध्ये रवींद्र जडेजावर एका हंगामाची बंदी आली. गुन्हा हा, की राजस्थानशी नवा करार न करता त्यानं दुसरीकडे स्वतः बोलणी करायचा प्रयत्न केला. तेव्हा तो विशीतला मुलगा होता. रेजी व्हाइटला ज्या गोष्टीनं लाखो डॉलर आणि इतिहासात नाव मिळवून दिलं, त्याच गोष्टीसाठी आपण जडेजाचं एक वर्ष कापलं. त्या वेळच्या चर्चांत 'हाव' हा शब्द होता, 'हक्क' हा शब्द शोधावा लागत होता.

आकडेही बघा. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. म्हणजे हंगामाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये एका संघाच्या खेळाडूंची एकूण वेतनमर्यादा, मॅच फी धरून, १४६ कोटी. दहा संघांचे १,४६० कोटी. फक्त प्रसारणाच्या पैशाच्या तुलनेत हे पंधरा टक्के होतात, तिकिटं आणि प्रायोजक वेगळेच. एनएफएलच्या पहिल्या कॅपचा टक्का वर लिहिलाय. तो खेळाडूंच्या संघटनेनं भांडून घेतला होता. आपल्याकडे सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटनाच नाही. २०१९ मध्ये झाली ती निवृत्त खेळाडूंची. म्हणजे बोलायची परवानगी खेळून संपल्यावर.

कुणी म्हणेल, कोट्यवधी मिळवणाऱ्यांचं कसलं रडगाणं लावलंय? ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, हे खरं. पण कुणाला किती मिळतं हा एक प्रश्न आणि जायचं की राहायचं हे कोण ठरवतं हा दुसरा. लिलावातला बहुतेक खेळाडू पंत नसतो. बेस प्राइसवर घेतलेला, अकराजणांत क्वचित येणारा, दोन हंगामांनी नाव कुणाच्या लक्षातही न राहणारा पोरगा असतो. मोकळीक सगळ्यांत जास्त त्यालाच लागते.

फॅमिली

हे सगळं मला इतकं का टोचतं, ते सांगतो. माझी पहिली नोकरी हिंजवडीतली. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. रुजू होताना दोन वर्षांचा बाँड, एक लाखाचा पुढच्या तारखेचा चेक, आणि मूळ मार्कशीट 'सुरक्षित ठेवण्यासाठी' त्यांच्याकडे. पहिल्या दिवशीच्या भाषणात 'फॅमिली' हा शब्द सात वेळा आला. मी मोजला होता. नवव्या महिन्यात एक प्रोजेक्ट बंद पडलं आणि आठ जणांना एका ईमेलनं घरी पाठवलं. त्यांच्या बाजूनं बाँड नव्हता. वर्षभरानं आमच्यातली एक मुलगी बाँडचे पैसे भरून, वडिलांकडून उसने घेऊन, दुसरीकडे गेली. तिच्या निरोपाला आमचा मॅनेजर केक कापता कापता म्हणाला, "हल्लीच्या पोरांत लॉयल्टी राहिली नाही."

मी केक खाल्ला आणि गप्प बसलो. तेव्हा मला रोझेल नियम माहीत नव्हता, रेजी व्हाइट माहीत नव्हता. माहीत असता तरी कदाचित गप्पच बसलो असतो, माझाही चेक त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता.

चाहत्याचं दुःख मला कळतं. ज्याच्या नावाची जर्सी घेतली तो दुसऱ्या रंगात दिसला की पोटात कालवतं. वॉशिंग्टनच्या लोकांनाही ते होत असणार. पण ते आपलं दुःख आहे, त्याचं बिल खेळाडूनं का भरायचं?

तेव्हा पुढच्या लिलावात, किंवा पुढच्या निरोपाच्या केकला, कुणी निष्ठेची आठवण काढली तर दोनच गोष्टी विचारा. याला काढून टाकायचं असतं तर तुम्हाला कुणी अडवलं असतं का? आणि याला जायचं होतं तेव्हा तुम्ही अडवू शकत होतात का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' असेल, तर समोरचा ज्या गोष्टीसाठी गळा काढतोय तिला निष्ठा म्हणत नाहीत. आणि तुमचा चेक त्यांच्या ड्रॉवरमध्ये नसेल, तर ते तिथल्या तिथे सांगून टाका.